झेंड्याचे पटांगण : विसरवाडी परिसरातील प्राथमिक शाळेची वाटचाल

पंधरा ऑगस्टला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य शासकीय ध्वजारोहण होते. त्याच्या आगेमागे, म्हणजे ८.३५ ते ९.३५ या वेळेत, इतर कोणत्याही कार्यालयाने किंवा संस्थेने आपला कार्यक्रम ठेवू नये, असे शासनाचे परिपत्रक सांगते. त्यामुळे खेड्यांतल्या प्राथमिक शाळांना घाई करावी लागते. नंदुरबारला जिल्ह्याचा झेंडा वर जातो, तोवर विसरवाडीच्या आसपासच्या शाळांत राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि भाषणे होऊन मुले खाऊच्या रांगेत लागलेली असतात. दिवसाचा पहिला झेंडा शाळेचा असतो, आणि या भागाचा इतिहास पाहिला तर हा मान शाळेकडे जावा हे योग्यच आहे.

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातले गाव. धुळ्याकडून सुरतेला जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की हे गाव लागते. इथूनच खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाणारा रस्ता फुटतो. महामार्गावरचे गाव म्हणून बाजार, दवाखाना, पोलीस ठाणे, शाळा असे सगळे इथे आहे. आजूबाजूला मात्र पाड्यांची वस्ती : मावची, कोकणा, भिल्ल समाजाची घरे, भाताची खाचरे, तुरीची आणि ज्वारीची शेते. संपूर्ण नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. इंग्रजी अमलात या पाड्यांवर सरकार यायचे ते जंगल खात्याच्या गार्डाच्या, महसुलाच्या किंवा अबकारीच्या शिपायाच्या रूपाने. ते काहीतरी घ्यायला यायचे. गावाला काही द्यायला आलेले सरकार लोकांनी पाहिले ते बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेत. म्हणून या परिसरातल्या शाळेचा इतिहास लिहायचा तर तो इमारतींच्या आणि मुख्याध्यापकांच्या यादीपेक्षा पटांगणातल्या झेंड्याभोवती लिहिणे अधिक खरे ठरेल.

खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नवापूरचा मुलूख पश्चिम खानदेशात राहिला. मुंबई इलाख्याच्या १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या. खेड्यातल्या शाळेला ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणत. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी पास झालेला तरुण मास्तर होई आणि एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळी. पुढे स्वातंत्र्याच्याच वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ आला आणि शाळा ‘स्कूल बोर्डाची’ झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ती धुळे जिल्हा परिषदेकडे गेली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवरचे नाव पुन्हा रंगवले गेले. एवढ्या फेऱ्यांत मालकी बदलली, पाटी बदलली. गावाच्या तोंडी मात्र ती ‘मराठी शाळा’च राहिली.

या साऱ्या बदलांतला एक बदल मुलांच्या आयुष्याला सगळ्यात जवळून लागला, तो १ मे १९६०चा. त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली बरीच गावे गुजरातकडे गेली. एकाच समाजाची, एकमेकांत सोयरीक असलेली, एकच बोली बोलणारी माणसे दोन राज्यांत वाटली गेली. सीमेच्या या बाजूला मूल मराठी अंकलिपी शिकू लागले आणि त्याच्या मामाचे मूल गुजराती कक्को. नवापूरचे रेल्वे स्थानक आजही अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, एवढी ही सीमा घराजवळून जाते. पंधरा ऑगस्टला दोन्ही बाजूंच्या शाळांत सूचना वेगवेगळ्या भाषांत दिल्या जातात आणि राष्ट्रगीत एकच म्हटले जाते. ज्या मुलांचे अर्धे नातेवाईक सीमेपलीकडे राहतात, त्यांना देश ही गोष्ट समजावून सांगायला याहून चांगला दाखला कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

शाळेच्या भाषणांत दिल्ली, मेरठ, चंपारण, दांडी ही नावे दरवर्षी येतात आणि ती यायलाच हवीत. पण विसरवाडीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी जे घडले, ते इथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असले पाहिजे. ‘छोडो भारत’ची घोषणा होऊन महिना झाला होता. शहरातून विद्यार्थ्यांची प्रभातफेरी निघाली. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा अशी पाच मुले गेली. नावे वाचली तरी कळते की गुजराती बोलणाऱ्या घरांतली आणि मराठी बोलणाऱ्या घरांतली मुले त्या फेरीत बरोबरीने चालत होती. नंदुरबारच्या माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे. प्रभातफेरी हा शब्द पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या ओळीत असतो. त्या शब्दामागे आपल्याच जिल्ह्यातली पाच शाळकरी मुले उभी आहेत हे गुरुजींनी सांगितले, तर सकाळच्या चिखलातून ‘भारत माता की जय’ म्हणत चालणाऱ्या दुसरीतल्या पोराची मान वेगळीच वर होते.

दुसरी घटना सातपुड्याच्या पायथ्याची. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३०च्या दशकात आदिवासींमध्ये ‘आप’ धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, असे ते सांगत. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या या अनुयायांवर इंग्रजांच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक आदिवासी मारले गेले. त्याही आधी, १८५७च्या उठावानंतर खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी सातपुड्यात इंग्रजांशी दिलेली लढाई, ११ एप्रिल १८५८ची अंबापाणीची, हा तर या मुलखाचा मोठा वारसा आहे. ही नावे शाळेच्या व्यासपीठावर जितकी यायला हवीत तितकी येत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या भाषणांच्या पुस्तकांत ती नसतात आणि भाषण पाठ करून घेण्याची घाई जुलैअखेरीसच सुरू होते. ज्या शाळा स्वतः मजकूर लिहून देतात, तिथे चित्र पालटते. रावलापाणीचे नाव निघाले की कट्ट्यावर बसलेले म्हातारे कान देऊन ऐकू लागतात, कारण ती गोष्ट त्यांनी आपल्या आजाकडून ऐकलेली असते.

आता पटांगणाकडे येऊ.

ऑगस्टचा मध्य म्हणजे इथे भर पावसाळा. भाताची लावणी उरकलेली किंवा उरकत आलेली, ओढे-नाले भरलेले. १७ ऑगस्ट २०१८ रोजी, स्वातंत्र्यदिनानंतर दोनच दिवसांनी, नवापूर तालुक्यात इतका पाऊस कोसळला की नवापूरची रंगावली आणि विसरवाडीजवळची सरपणी या नद्यांना महापूर आला, घरे वाहून गेली आणि माणसेही दगावली. असा पाऊस अंगावर असताना शाळेला पटांगण तयार करायचे असते. चौदा तारखेला दुपारनंतर वर्ग नावालाच भरतात. खड्ड्यांत मुरूम टाकला जातो, ध्वजकट्ट्याला चुना आणि कडेला गेरूचा पट्टा दिला जातो, सुतळीला खळीने चिकटवलेल्या रंगीत कागदांच्या पताका व्हरांड्यात टांगून ठेवतात, म्हणजे रात्रीच्या सरीने रंग उतरू नये. ओळी आखायची फक्की पाऊस उघडल्याशिवाय मारता येत नाही. ती सकाळी साडेसहाला, मुले यायच्या आत मारली जाते. सगळ्यात जिकिरीचे काम दोरीचे. भिजलेली सुताची दोरी फुगते आणि वरच्या कप्पीत अडकते. म्हणून जाणते शिक्षक आदल्या दिवशी संध्याकाळी दोरी चार वेळा वरखाली ओढून पाहतात, कप्पीत तेल सोडतात आणि झेंडा ट्रंकेतून काढून, झटकून, तिरंग्यातला केशरी वर आहे ना हे दोघांकडून तपासून घडी घालतात. खादीच्या झेंड्याची शाळेत फार काळजी घेतली जाते. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होणारे झेंडे राज्यभर जातात. लांबी आणि रुंदीचे ३ : २ हे प्रमाण मुलांना गणिताच्या तासाला शिकवायचे तर झेंड्याइतके सोपे साधन नाही.

मुलांनी कसे उभे राहायचे हेही भारतीय ध्वजसंहितेत लिहिलेले आहे, आणि ते फार थोड्यांनी वाचलेले असते. शाळेने मोकळ्या चौकोनाच्या आकारात जमायचे : तीन बाजूंना विद्यार्थी आणि चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी आणि ध्वज फडकवणारी व्यक्ती यांनी स्तंभापासून तीन पावले मागे थांबायचे. मुलांच्या वर्गवार तुकड्या करायच्या, सगळ्यात वरचा वर्ग उजवीकडे, आणि वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाच्या शेवटच्या रांगेमागे तीन पावलांवर उभे राहायचे. चार शिक्षकांच्या शाळेत हे जसेच्या तसे जमते. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी दोरीजवळ लागतात आणि दुसऱ्या बाईंना दोन-दोन वर्गांच्या मागे फिरावे लागते. मग चौथीची मुलगीच ‘सावधान, विश्राम’ देते. तिचा आवाज पाड्यापर्यंत जातो, आणि तिची आई ते ऐकायला कुंपणाशी उभी असते.

पहिलीतल्या मुलाच्या घरची बोली मावची असते, कोकणा समाजाची कोकणी असते किंवा भिली. शाळेत येईपर्यंत मराठी त्याच्या कानावर बाजारात आणि टीव्हीवरच पडलेली असते. जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि पंधरा ऑगस्टला मूल राष्ट्रगीतासाठी ताठ उभे राहते. ज्या भाषेत त्याला अजून पाणी मागता येत नाही, त्या भाषेतली प्रतिज्ञाही ते बिनचूक म्हणते. ही प्रतिज्ञा आंध्र प्रदेशातले एक कोषागार अधिकारी पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिली, हे कळले तर मुलांनाही आवडेल : तीसुद्धा दुसऱ्याच भाषेतून चालत मराठीत आली आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले आणि कार्यक्रमात त्याचीही भर पडली. पाठांतर मुले करतात, तक्रार करत नाहीत. पण शिक्षकाने त्याचा अर्थ मुलाच्या बोलीत एकदा तरी सांगावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. ज्या शिक्षकांनी बोली शिकून घेतली त्यांच्या वर्गातली मुले व्यासपीठावर बिचकत नाहीत, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहता येते. मग गाण्यांनंतर ढोल आणि पावरी येते, आणि या वाद्यांवर मुलांना काही शिकवावे लागत नाही. अलीकडे ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिनही जिल्ह्यात मोठ्या उत्साहाने साजरा होतो. एकाच आठवड्यात दोन सोहळे येतात आणि पहिल्यासाठी बसवलेला नाच दुसऱ्याला पुन्हा कामी येतो.

१५ ऑगस्ट या तारखेचे प्राथमिक शाळेशी आणखी एक नाते आहे, आणि गरीब घरांच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोठे असावे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. सुरुवातीला हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. गोणी घेऊन मुलाबरोबर येणारा बाप हे त्या काळातले शाळेतले नित्याचे दृश्य. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेच्या आवारात चूल पेटली. खिचडीचा वास सुटला की पट टिकतो, हे कोणत्याही अहवालाआधी स्वयंपाक करणाऱ्या बायांना ठाऊक होते. पंधरा ऑगस्टच्या दिवशी त्याच बाया खाऊ वाटायला पुढे असतात. कुठे बुंदीचा लाडू, कुठे जिलेबी, बहुतेक ठिकाणी गोळ्या आणि बिस्किटे. पैसे गावातून वर्गणीने जमतात किंवा एखादा माजी विद्यार्थी, जो आता सुरतेला कामाला आहे किंवा पोलिसात आहे, पाकिटात घालून देतो. शाळेचे रंगकाम, ध्वनिक्षेपक, पाण्याची टाकी, अशी बरीचशी कामे या सकाळी बोललेल्या शब्दांवर उभी राहिली आहेत.

झेंडा कोणाच्या हातून वर जातो, यातही मोठा बदल झाला. पूर्वी तो मान पाटलाचा, सावकाराचा किंवा बाहेरून आलेल्या साहेबाचा असे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या, १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातली सरपंचपदे अनुसूचित जमातींकडे आली आणि महाराष्ट्राने पुढे पंचायतींत स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक झाले. आज दोरीला हात लावणारी बाई ही त्याच पाड्यावरची, त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली असू शकते. ध्वजारोहणानंतर तीच माणसे ग्रामसभेलाही बसतात, कारण १५ ऑगस्ट हा ग्रामसभेच्या प्रघाताच्या दिवसांपैकी एक आहे. शाळेची गळकी खोली, कुंपण, शिक्षकाची रिकामी जागा, हे विषय तिथे निघतात आणि अनेकदा तडजोडीने नव्हे, आवाज चढवून मांडले जातात. तसेच व्हायला हवे.

दोन वर्षे या परिसरात वेगळीच आठवतात. २०२० साली करोनामुळे १५ ऑगस्टला पटांगणे रिकामी होती. मोजक्या माणसांनी अंतर ठेवून झेंडा लावला आणि मुले घरी राहिली. दोनच वर्षांनी, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात, १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या तीन दिवसांत घराघरावर तिरंगा लागला. पाड्यावरच्या कुडाच्या घरांवरही तो लागला आणि तो सरळ कसा बांधायचा, फाटका का लावायचा नाही, हे शाळेतली मुलेच घरच्यांना सांगत होती. १७ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी अकरा वाजता राज्यभर एकाच वेळी समूह राष्ट्रगीत म्हटले गेले. त्याच वर्षी २५ जुलैला द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. त्या संथाळ समाजाच्या आणि ओडिशातल्या रायरंगपूरला शाळेत शिकवलेल्या. त्या वर्षी १४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी देशाला उद्देशून केलेले भाषण हे आदिवासी समाजातून आलेल्या राष्ट्रपतींचे असे पहिले भाषण होते.

आणि शेवटी एक गोष्ट जी पटसंख्येच्या तक्त्यात दिसते. या भागात १५ ऑगस्टचे पटांगण भरलेले असते आणि २६ जानेवारीचे पातळ होते. दिवाळीनंतर तालुक्यातली अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत बार्डोली, सुरतेकडे ऊसतोडीला जातात आणि लहान मुले त्यांच्याबरोबर जातात. परत यायला होळी किंवा उन्हाळा उजाडतो. मूल आजी-आजोबांकडे मागे राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आणि जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक दिले जाते, म्हणजे तिकडच्या शाळेने त्याला त्याच्या इयत्तेत बसवून घ्यावे. तिकडची शाळा गुजराती असते, तेव्हा पत्रकापेक्षा वसतिगृहच कामाचे. पालकांशी हे बोलायला पंधरा ऑगस्टसारखी सकाळ वर्षभरात दुसरी मिळत नाही : आई-बाप दोघेही समोर असतात, मुकादमाची उचल बहुतेकांनी अजून घेतलेली नसते आणि मुलाने नुकतेच सगळ्यांसमोर भाषण केलेले असते. खाऊ वाटून झाल्यावर एका शिक्षकाने वही उघडून टेबलाशी बसावे, कोणत्या घरातले मूल थांबणार आणि कोणते जाणार याची नावे लिहून घ्यावीत, आणि वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरातच पंचायत समितीकडे धाडावा.